ऑपरेशननंतरची भूक

९ नोव्हेंबर

रतनताईंच्या मुलीचा साखरपुडा झाला. नणंदेच्या घरचं कार्य, म्हणून सकाळपासून उभी होते. ओटीची ताटं, पाहुण्यांची सरबराई, सगळं केलं. आणि पंगत बसल्यावर इंद्रजीतच्या मामींनी भर मांडवात विचारलं, "उत्कर्षा, तुझं ते पोटाचं आपरेशन फेल गेलं का गं?"

आवाज असा, की मठ्ठा वाढणारा माणूससुद्धा थांबला.

मी म्हणाले, "नाही मामी, पास झालं होतं. आता फेरपरीक्षा आहे." सगळे हसले. मीही हसले. मी हसले याचाच आत्ता सर्वांत जास्त राग येतोय.

इंद्रजीत शेजारीच उभे होते, हातात जिलबीची प्लेट. नवरा म्हणून एक शब्द? छे. जिलबी संपवली आणि पंख्याकडे बघत राहिले. पंखा चोरीला जाणार होता बहुतेक.

सहा वर्षांपूर्वी पोट कापून घेतलं. कापून म्हणजे खरंच कापून. पिशवीएवढं होतं ते केळ्याएवढं केलं. एकशे बारा किलोंची बाई सत्तरवर आली, तेव्हा ह्याच मामी माझा दंड चिमटीत धरून "ओळखूच येईनास" म्हणायच्या. आता काटा नव्वदच्या पुढे गेला, तर पुन्हा ओळख पटली.

मांजरी गावातल्या आमच्या घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय मनावर घेतीस? दोन घास खाऊन घे, सकाळपासनं उपाशी हाईस." खाल्लं तर मामी बोलणार, नाही खाल्लं तर सासूबाई. माझं तोंड सोडून सगळ्यांची तोंडं चालू.

१४ नोव्हेंबर

रजा टाकून सर्जनकडे गेले. ज्यांनी पोट कापलं तेच. माझा जुना आलेख बघितला, नवा आकडा बघितला आणि म्हणाले, "गोड सुरू झालेलं दिसतंय मॅडम."

"गोड नाही, भूक सुरू झालीय," मी म्हणाले. "पहिली काही वर्षं दबलेली होती. आता जेवून हात धुतले की लागते. पोट भरलेलं असतं आणि डोक्यात भूक. मीटिंगमध्ये भूक, गाडी चालवताना भूक."

"ऑपरेशन हे साधन आहे. पुढचं तुमच्या शिस्तीवर."

मी भूक कमी करणाऱ्या, दर आठवड्याला घ्यायच्या त्या इंजेक्शनचं विचारलं. ऑफिसमधल्या दोघी घेतात. ते म्हणाले, "देतो आम्ही काही पेशंटना. पण आधी सहा महिने शिस्त दाखवा, मग बोलू." घड्याळाकडे एक नजर. माझी वेळ संपली.

शिस्त! खराडीच्या ऑफिसात अख्ख्या कंपनीची हजेरी, रजा, भांडणं मी सांभाळते. घरी सासूबाईंच्या गोळ्या, इंद्रजीतचं पथ्य, बंगळुरूला नोकरी करणाऱ्या लेकीचं, मुक्ताचं, फोनवरचं रडणं, तेही मीच. आणि शिस्त मला शिकवायची.

खाली लॉबीत माझा फोटो अजून लावलाय. 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'मध्ये मी निळ्या कुर्त्यात हसतेय. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तो फोटो काढा.

ती म्हणाली, "का मॅडम? त्या तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

२२ नोव्हेंबर

नाही दाखवत शिस्त. जा.

खराडीत आमच्या ऑफिसच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक क्लिनिक आहे. काचेचं दार, आत कुंड्या, कुठलंसं संगीत. डॉक्टर मुक्तापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. म्हणे, "मला ऋषीच म्हणा, मॅम." त्याने विचारलं, आधी काही सर्जरी? पोटावरच्या बारीक खुणा त्याला दिसणारच होत्या, म्हणून म्हटलं, "पित्ताशय काढलंय. दुर्बिणीतून." पुढचा प्रश्न नाही.

का सांगू? सांगितलं असतं, तर त्याच्याही चेहऱ्यावर तेच आलं असतं: ऑपरेशन करूनही? ते 'करूनही' मी सगळ्यांच्या डोळ्यांत वाचते. घरी तर मुळीच सांगणार नाही.

पहिलं इंजेक्शन तिथेच घेतलं. बाकीची फ्रिजमध्ये, कढीपत्त्याच्या डब्यात. सासूबाई फ्रिजमधल्या कढीपत्त्याला हात लावत नाहीत, अंगणातला तोडतात.

७ डिसेंबर

हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

गप्प झालंय. आतलं सगळं गप्प झालंय. शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायचं मशीन वर्षानुवर्षं चालू असावं, आपण त्याच आवाजात जगत असावं, आणि एके दिवशी ते बंद पडावं, तसं. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. मी टेबलावरच्या केककडे स्टेपलरकडे बघावं तसं बघितलं.

खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. म्हणजे बाकीच्यांना रोज हे असं असतं? मामींना, सर्जनना, त्या काउंटरवरच्या मुलीला? हा तुमचा संयम? ही तुमची शिस्त? अहो, तुम्हाला ऐकूच येत नव्हतं! आणि ज्या बाईच्या डोक्यात चाळीस वर्षं ते मशीन धडधडत होतं, तिला तुम्ही हावरट म्हणालात.

२० डिसेंबर

वजन उतरतंय. मळमळ आहे. ऋषीला मेसेज केला, तर उत्तर आलं, "ग्रेट प्रोग्रेस मॅम! मळमळ नॉर्मल आहे. डोस वाढवू या." सोबत टाळ्यांचं चित्र. मीही म्हटलं, वाढवा. रतनताईंच्या मुलीचं लग्न ८ फेब्रुवारीला आहे. मामी पहिल्या रांगेत बसणार.

ऑपरेशनपासून रोज घ्यायच्या त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या. घोड्याच्या मापाच्या आहेत, पोटात टिकतच नाहीत. वजनच उतरतंय तर गोळ्या हव्यात कशाला?

३ जानेवारी

आज घरात भांडण झालं. सुरुवात सासूबाईंनी केली.

"तू न्हाणीत नळ सोडून काय करतीस गं?"

"तोंड धुते."

"तोंड धुताना ओकाऱ्या यित्यात व्हय? ताटातलं सगळं कुत्र्याला जातंय. म्या आंधळी न्हाय."

मी म्हणाले, "आई, वजन उतरतंय. तुम्हाला सगळ्यांना हेच हवं होतं ना? मग आनंद माना."

इंद्रजीत पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काही त्रास होतोय का तुला?"

आता सुचलं! मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." त्यांनी वाचला. एवढं ऐकतात हो माझं.

१६ जानेवारी

पायांना मुंग्या येतायत, दोन्ही पावलांना. लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपला घरात घालून सवय करत होते, त्यांचाच परिणाम. रागारागाने लक्ष्मी रोडला परत करायला गेले. दुकानदाराने चप्पल उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "चपलेने फोड येतो, बाई. मुंग्या येत नाहीत. मुंग्यांचं डॉक्टर बघतात." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुण्यातल्या दुकानदारांना गिऱ्हाईक म्हणजे घरात शिरलेलं मांजर वाटतं.

जुन्या चपला घातल्या. मुंग्या आहेतच. नव्या चपलांनी नस दुखावली असणार.

२५ जानेवारी

फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब पुढे आल्यासारखा दिसला. गवंड्याने तो बांधतानाच वाकडा बांधलाय, मी तेव्हाच म्हटलं होतं. आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली असले भयंकर, की एका गाडीच्या दोन दिसतात. चष्मा बदलायला हवा. लग्नानंतर.

सासूबाईंचं काही खरं नाही. मुक्ताचा महिनाभर फोन नाही म्हटलं, तर म्हणतात, "काल तर अर्धा तास बोललीस की तिच्याशी." वय झालं बिचारीचं. विसरायला लागल्या. इंद्रजीतला सांगितलं पाहिजे, आईंना दाखवून आणा.

इंद्रजीतला सांगितलं. ते म्हणाले, हे तू सकाळीच सांगितलंस. ह्या घरात सगळे मला खोटं पाडायला बसलेत.

६ फेब्रुवारी

उद्या हळद. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागला. शिंपीणबाई म्हणाली, केवढ्या वाळलात! ऐका, मामी, ऐका.

जिन्यावरून भिंत धरून उतरले. जिन्याचं काम नीट नाही. सकाळपासून पाणीसुद्धा राहत नाही पोटात. चालेल. दोन दिवसांचा प्रश्न. अक्षरं दोन दोन दिसतायत. पेन बदललं, तरी तेच. पेनंसुद्धा हल्ली

२२ फेब्रुवारी

हॉस्पिटल. हे दुसरं, हडपसरचं. अक्षर बघून घ्या, पहिलीतल्या पोराचं बरं.

मला लग्न आठवत नाही. हळद आठवत नाही, ब्लाऊज आठवतो. भाचीच्या लग्नात मी होते, फोटोत दिसतेय, आणि माझ्याकडे त्यातलं काही नाही. इंद्रजीतनी सांगितलं ते लिहितेय.

नवरीला ओवाळायला स्टेजवर चढताना मी पायरीवरून कोसळले. ताट उडालं. उठवलं तर पाय टेकेनात आणि बोलणं असंबद्ध. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "पिऊन आली का काय?" मामींनीही तोंड उघडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "भावजये, त्वांड मिट." भर मांडवात. हे तरी आठवायला हवं होतं मला.

इथे आधी सगळ्यांना वाटलं, लकवा. डोक्याचा फोटो काढला. मग डॉ. शर्मिला आल्या. मोठ्या डॉक्टर आहेत, बोलतात हळू. त्यांनी इंद्रजीतना विचारलं, "ह्यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय का कधी? उलट्या होत होत्या?" इंद्रजीत म्हणाले, ऑपरेशन झालंय, उलट्या नाहीत. सासूबाई मागून म्हणाल्या, "हायत. रोजच्या हायत. म्हैना उलटला."

बी-वन. एक व्हिटॅमिन. ते शरीरात थोडंच साठतं म्हणे. पोट आधीच केळ्याएवढं, त्यात भूक मारणारं औषध (शुद्धीत आल्यावर मीच सांगितलं), वर उलट्या, आणि गोळ्या मी बंद केलेल्या. साठा संपला. मग नसा गेल्या, मग डोळे, मग डोकं. सलाईनमधून सारखं तेच व्हिटॅमिन चढवतायत. डोळे आता एकाचा एकच दाखवतात. डोकं परत येतंय. पावलं अजून लाकडाची आहेत. डॉक्टर म्हणाल्या, "पावलांचं मी वचन देत नाही."

म्हणजे मुंग्या चपलेच्या नव्हत्या. दुकानदाराला कळलं, मला नाही. माझ्याच अंगात हे सगळं चाललं होतं आणि मी खांबाशी भांडत होते.

२५ फेब्रुवारी

माझ्या फोनमधून इंद्रजीतनी त्या ऋषीला शोधून काढून फोन केला. तो म्हणाला, "मॅमनी वजनाच्या, बॅरिॲट्रिक ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं." खरं आहे. मी खोटं बोलले. पण डोस वाढवताना त्याने एकदा तरी मला समोर बसवून बघितलं? एक रक्ताची तपासणी? टाळ्या वाजवल्या फक्त.

दुपारी सर्जन आले. इंद्रजीतनी कळवलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं केलंत, मला सांगायचं तरी."

मला अजून बोलताना शब्द शोधावे लागतात. पण हे शब्द तयारच होते.

"सांगितलं होतं, डॉक्टर. नोव्हेंबरमध्ये. भूक लागते म्हणाले होते. तुम्ही गोड म्हणालात."

त्यांनी खाटेला लटकवलेला माझा तक्ता हातात घेतला.

"तुमच्याकडे हे औषध होतं. तुम्ही ते बक्षीस म्हणून ठेवलं होतं. आधी शिस्त, मग औषध. ब्लडप्रेशरच्या पेशंटला असं सांगता का, आधी सहा महिने खाली आणून दाखवा, मग गोळी देतो?"

ते म्हणाले, "काही जणांचं वजन परत येतं. तो ह्या आजाराचा स्वभाव आहे. तुमची चूक नव्हती."

"मग हे तेव्हा का नाही म्हणालात?"

ह्यावर ते उठले. खुर्ची जागेवर ठेवून निघून गेले. माझा राग थोडाही कमी झाला नाही. मात्र जेवणाचा डबा आला, तो मी पूर्ण संपवला.

१९ मार्च

घरी येऊन दोन आठवडे झाले. काठी घेऊन चालते. अंगणात उन्हातल्या फरशीवर पाय ठेवला, तरी तापलंय की गार आहे ते कळत नाही.

मुक्ता रजा काढून आली होती, आज गेली. जाताना मला पोळ्यांवरून, औषधांवरून इतक्या सूचना दिल्या, की ती माझी आई आणि मी तिची लेक.

ती गेल्यावर इंद्रजीत आणि मी दोघंच व्हरांड्यात. मी विचारलं, "एक सांगा. सहा वर्षांत माझ्या वजनाबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. चढलं तेव्हा नाही, उतरलं तेव्हा नाही. त्या साखरपुड्यात मामी बोलल्या तेव्हाही नाही. का?"

त्यांनी बोटांची नखं बघितली. मग म्हणाले, "काही बोललो तर तुला लागेल असं वाटायचं."

"मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते."

मला वाटलं, ते 'छे छे' म्हणतील. ते म्हणाले, "वाटायची कधी कधी. लोक बोलायचे तेव्हा. मग त्या वाटण्याचीच लाज वाटायची. मग अजून गप्प बसायचो."

काठी फेकून मारावी असं वाटलं. खरंच वाटलं. पण ह्या माणसाने आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मला काहीतरी खरं सांगितलं होतं, आणि फेकली असती तर काठी आणून द्यायला पुन्हा त्यांनाच सांगावं लागलं असतं.

१० मे

भूक परत आली.

औषध बंद होऊन तीन महिने झाले, येणारच होती. आज सकाळी पोहे खाऊन उठले आणि डोक्यात मशीन सुरू. ओट्याला धरून उभी राहिले. सासूबाईंना सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, की हे असं होतं म्हणून.

त्या म्हणाल्या, "यिऊ दे की. भूक लागती म्हंजी जिती हाईस."

त्या प्रेमाने म्हणाल्या, हे कळतं मला. तरी म्हणाले, "आई, तुम्हाला भूक लागते ती जेवल्यावर जाते. माझी जात नाही. तुमची आणि माझी भूक एक नाही." त्यांनी पोह्यांची बशी उचलून नळाखाली धरली. पटलं की नाही, ठाऊक नाही.

२ ऑगस्ट

डॉ. शर्मिलांकडे गेले, आणि सर्जननाही तिथेच बोलवायला लावलं. दोघांनी समोरासमोर बसून माझं बोलावं, माझ्यासमोर बोलावं, ही माझी अट. सर्जन आले. ह्या वेळी घड्याळ बघितलं नाही.

डॉ. शर्मिला म्हणाल्या, "औषध वाईट नाही. ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांना आम्ही ते देतो. पण तुमच्या बाबतीत मी घाई करणार नाही. सगळ्यात लहान डोस, वाढवायचा तो मी बघितल्याशिवाय नाही. व्हिटॅमिन एक दिवसही चुकवायचं नाही. आणि एक दिवस जरी उलटी थांबली नाही, तरी थेट इथे. लग्न असो, काही असो."

मी विचारलं, "आणि किती दिवस घ्यायचं?"

"बहुतेक दीर्घकाळ. चष्म्यासारखं."

चष्म्याबद्दल मला कुणी शिस्त शिकवलेली नाही, हे खरं.

९ ऑगस्ट

घरात सकाळपासून तोफा. सासूबाईंना कळलं, की मी पुन्हा तेच सुरू करतेय.

"त्याच इखानं मराया टेकली हुतीस. पुन्ना त्येच? तुला काय येड लागलंय?"

इंद्रजीत म्हणाले, "आई, ह्या वेळी डॉक्टर..." आणि त्यांचं वाक्य संपलं. निदान सुरू तरी झालं होतं.

मी म्हणाले, "आई, त्या औषधाने नाही मरायला टेकले. लपवून घेतलं म्हणून टेकले. आणि लपवलं का, तर ह्या घरात, मांडवात, दवाखान्यात, सगळीकडे मला ऐकवलं जाणार होतं म्हणून. आता लपवणार नाही. ज्याला ऐकवायचंय त्याने तोंडावर ऐकवावं."

चहाच्या वेळी इंजेक्शन फ्रिजमधून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. सगळ्यांच्या कपांच्या मधोमध. इंद्रजीतनी नजर वळवली, मग परत आणली. मी पदर बाजूला केला, पोटाची चिमूट धरली आणि टोचलं. टक् असा आवाज झाला. तो आवाज टेबलावर सगळ्यांनी ऐकला.

सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता तोंडसुख घेणार. त्यांनी वाकून ती जागा बघितली आणि विचारलं, "दुखतं का गं?"

"सुई नाही दुखत," मी म्हणाले.

त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "मग काय दुखतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं आणि येतच गेलं. शाळेतल्या बाईंनी खेळाच्या तासाला शर्यतीच्या गोण्या उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर बसवून ठेवलं होतं, तिथून सुरुवात झाली. आवाज चढला. चढू दिला. चहा गार झाला, त्यावर साय धरली.

इंद्रजीत कप उचलून हळूच उठायला लागले.

मी म्हणाले, "बसा. तुमचंही येतंय."

ते बसले.